कायदा सांगण्याचा अधिकार
कायदा काय म्हणतो हे सांगण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न वकिलीच्या व्यवसायाहून कितीतरी जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाला धर्मनिर्णय सांगणाऱ्याची पात्रता दिली आहे आणि तिच्यात ज्ञानाच्या आधी जन्म येतो. केवळ जातीने ब्राह्मण असलेला माणूस तेथे चालतो, शूद्र कधीच चालत नाही. न्याय करण्याच्या जागीच अन्यायाला असे आसन मिळाले होते.

या परंपरेची झाडाझडती घेणारे दोन मोठे वकील रत्नागिरी जिल्ह्याशी नाते सांगणारे होते. परशुरामचे पां. वा. काणे यांनी मुंबई उच्च न्यायालयातली वकिली सांभाळून 1930 ते 1962 या काळात धर्मशास्त्राचा इतिहास खंडाखंडाने प्रसिद्ध केला. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले.

बॅरिस्टर आंबेडकरांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. त्यांना रोखणारा एकही नियम तेव्हा नव्हता. पण उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरांच्या हातून, आणि अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टरकडे सवर्ण सॉलिसिटर फिरकत नसत. आंबेडकरांना जिल्ह्यांतली कामे आणि अपिले यांवर भिस्त ठेवावी लागली. समतेविषयीचा मूळ तात्त्विक भेद येथे उघड दिसतो. दार उघडे असणे ही एक गोष्ट आणि आत गेल्यावर काम मिळणे ही दुसरी. भेदभाव बहुधा या दुसऱ्या जागी राहतो, कारण तेथे कोणालाही नकार लिहून द्यावा लागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप गुणवत्तेचा असतो. अशिलाचा जीव किंवा जमीन पणाला लागलेली असताना त्याने सर्वांत चांगला वकील शोधावा, यात गैर काही नाही. मात्र वकिलाची गुणवत्ता घडते ती प्रत्यक्ष कामातून. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजासारख्या तालुक्याच्या गावी नव्याने सनद घेतलेल्या तरुणाला पहिली काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली जवळजवळ बिनपगारी काढावी लागतात. ज्याच्या घरी आधीच वकील आहे त्याला कपाट, पुस्तके आणि पक्षकार वारशाने मिळतात. ज्याचे आईवडील मजुरी करतात त्याची हीच वर्षे सर्वांत अवघड जातात. तेव्हा सुरुवातीची संधी विषम ठेवून शेवटी गुणवत्ता मोजणे हा न्याय्य हिशेब म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी गौरव कुमार खटल्यात हेच सूत्र सनदेच्या शुल्काला लावले. अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 प्रमाणे हे शुल्क 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये आहे. राज्यांच्या वकील परिषदा मात्र हजारोंनी रक्कम घेत होत्या. जादा शुल्क दुर्बल घटकांना व्यवसायाबाहेर ठेवते आणि वास्तविक समतेला बाध आणते, असे न्यायालयाने ठरवले.

स्त्रियांच्या बाबतीत अडसर थेट नियमाचाच होता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण भारतात स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी झाली ती 1923 च्या कायद्याने. मुंबई उच्च न्यायालयाला पहिल्या महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, मिळायला 1978 उजाडले. नियम जाऊन पंचावन्न वर्षे उलटली होती.

समतेची दुसरी बाजू पक्षकाराची आहे. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा अटकेतील व्यक्तीचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे. रास्त शुल्क मिळत असेल तर काम स्वीकारावे, विशेष कारणाशिवाय नाकारू नये, असे भारतीय वकील परिषदेचे नियम सांगतात. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अवैध ठरवले. पक्षकाराच्या या हक्काचे एक जुने उदाहरण लांज्याशीच जोडलेले आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव लांजा तालुक्यातील कोट. 1854 मध्ये संस्थान खालसा झाल्यावर त्या घराण्याच्या राणीने कंपनी सरकारविरुद्ध सल्ला घेतला तो सिडनीत जन्मलेल्या जॉन लँग या इंग्रजी बॅरिस्टरचा. अर्ज फेटाळला गेला. तरी सत्ताधारी वंशाचा वकील सत्तेविरुद्धच्या पक्षकाराच्या बाजूने उभा राहू शकला, हे वकिली धर्माचे लखलखीत उदाहरण आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. लांज्याच्या पक्षकाराला आणि वकिलाला मुंबईऐवजी आंबा घाट चढून कोल्हापूरला जाता येते. प्रवासाचा खर्च घटला की लहान वकिलालाही आपल्या अशिलाचे अपील स्वतः चालवण्याचा विचार करता येतो. तेथील कामकाज मात्र इंग्रजीत चालते, आणि मराठीतून शिकून तालुक्यात मराठीत वकिली करणाऱ्यांपुढे हा अडथळा अजून उभा आहे.