सरकारदेणे आणि अन्नदान

अन्नदान केल्याने बुडविलेले सरकारदेणे फिटते काय, असे कीर्तन संपल्यावर मला पुष्कळदा विचारतात. आमच्या नेरळ-कर्जत पट्ट्यात मुंबईकरांनी बंगल्यांसाठी प्लॉट घेतले, जमिनीला सोन्याचा भाव आला. पैसा आला, पण प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचे राहिले. एक वर्ष आळसाने राहिले, दुसरे भीतीने. असे करता करता चार-पाच वर्षे गेली. मग कार्तिकीला आळंदीस निघणाऱ्या दिंडीला एक पंगत घालावी, म्हणजे मन हलके होते. यात वावगे काय, बुवा?

वावगे पंगतीत नाही. पंगत कोणाच्या पैशाची, हे पाहावे लागते. शास्त्राने देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे सांगितली; महाभारताने त्यांत मनुष्यऋण चौथे मिळविले. एका खात्याचे दुसऱ्या खात्यात वळते करता येत नाही. श्राद्ध घातले म्हणून स्वाध्याय सुटत नाही. मनूने धान्याचा सहावा, आठवा किंवा बारावा भाग राजाचा म्हटला आहे. तो आपल्या कणगीत पडून असला तरी आपला नव्हे. आणि जे आपले नव्हे त्याचे दान कसले?

येथे काही मंडळी दामाजीपंतांना पुढे करतात. मंगळवेढ्यास त्यांनी बादशहाची कोठारे उपाशी लोकांना मोकळी केली, तेही सरकारचेच होते ना? अहो, होते. पण कथा अर्धी सांगू नये. पंतांनी कोठारे दिवसाढवळ्या उघडली आणि शिक्षेसाठी स्वतःची मान पुढे केली. आणि पांडुरंग विठू महार होऊन बिदरला गेला तो काय घेऊन? धान्याची किंमत घेऊन! साक्षात देव, पण 'माफ करा' म्हणाला नाही; रक्कम मोजून दिली आणि पावती मागितली. ही पावती आम्ही कीर्तनकार घाईने ओलांडतो, श्रोत्यांना दर्शनाचा प्रसंग हवा असतो ना! माझ्या मते आख्यानाचे वर्म त्या पावतीतच आहे.

सरकारात तरी पैसा सरळ मार्गाने खर्च होतो का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मतपेटीतून मागावे. पण पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्या आपल्याच शेजाऱ्याचा कर पगारातून परस्पर कापला जातो. शंका घेण्याची सोय त्याला नाही. रस्त्याचा, दवाखान्याचा आपला वाटा त्याच्या पाठीवर टाकून आपण टाळ कसे वाजवावेत?

राहिली भीती. नाथमहाराजांनी देवगिरीस जनार्दनस्वामींच्या हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागविली आणि ती सापडताच टाळी वाजविली. आपण तर दप्तरच उघडीत नाही, म्हणून ते डोंगराएवढे वाटते. राहिलेले विवरणपत्र आपणहून भरण्याची वाट कायद्याने 2022 साली काढली. मुदत प्रथम 2 वर्षांची होती, 2025 साली ती 4 वर्षांची केली. कर आणि व्याज यांवर पहिल्या वर्षी 25 टक्के अधिक पडतात, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 60, चौथ्या वर्षी 70. तेव्हा जाणत्या हिशेबनिसाकडे यंदाच जावे. मागणीची नोटीस आली असेल आणि एकदम भरणे झेपत नसेल, तर हप्ते बांधून मिळावेत म्हणून अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करता येतो. तोवर दिंडीची पंगत दुसरा कोणी घालील. आपण पाणी वाढावे.