दयाळाचे गाणे आणि हेतूचा प्रश्न

दयाळ हा साधारण बुलबुलाएवढा, शेपटी उभारून वावरणारा पक्षी. नराचे डोके, छाती आणि पाठ चकचकीत निळसर काळी असते. पोट आणि पंखावरचा लांब पट्टा पांढराशुभ्र. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो. माळरानावरचा चीरक दुरून असाच भासतो, पण त्याच्या शेपटीखाली तांबूस रंग दिसतो, दयाळाच्या शेपटीखाली पांढरा.

अर्नाळ्यातल्या केळी-नारळाच्या वाड्यांसारखी सावलीची, ओलाव्याची जागा त्याला मानवते. तिथे जमिनीवर उतरून तो किडे टिपतो. घरटे झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात असते.

थंडीत हा पक्षी जवळजवळ अबोल असतो. दिवस मोठा होऊ लागला की नराच्या शरीरातली संप्रेरके वाढतात आणि उजाडण्याआधीच उंच फांदीवरून त्याचे गाणे सुरू होते. त्यात इतर पाखरांच्या आवाजांची नक्कलही मिसळलेली असते.

श्रद्धाळू कानांना ही भूपाळी वाटते. तुकोबांच्या अभंगातही झाडे आणि वनचरे भक्ताचे सोयरे आहेत, आणि पाखरे गोड सुरात आळवतात. पक्षिशास्त्र मात्र सांगते की नर गातो तो आपली हद्द राखण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी. मग भक्तीची भावना खोटी ठरते का?

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत याला उपयोगी पडणारा दाखला आहे. दूध अचेतन असूनही वासराच्या पोषणासाठी स्रवते. म्हणजे क्रियेला हेतू असतो, पण त्याची जाणीव असेलच असे नाही. हद्द राखणे हा उपयोग निसर्गनिवडीने घडवला. गाताना पाखराला काय वाटते, हा प्रश्न त्याने मिटत नाही. स्टार्लिंग पक्ष्यांवरील प्रयोगांत थव्यातल्या निवांत गाण्याचा संबंध मेंदूतल्या सुखद रसायनांशी आढळला आहे. तेव्हा उपयोग आणि आनंद एकमेकांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. ‘दयाळ देवाला आळवतो’ असे म्हणणे मात्र पाखराबद्दलचे ज्ञान नव्हे. ती ऐकणाऱ्याची भक्ती आहे, आणि ऐकणाऱ्याची म्हणून ती पूर्ण खरी आहे.

ही भक्ती पाखराच्या उपयोगी पडावी, अशी एक साधी वाट आहे. वाडी साफ करताना ढोली असलेले वाळके खोड पहिल्यांदा तोडले जाते आणि घरट्याची जागा जाते. निदान मार्च ते जुलै या विणीच्या काळात तरी असे खोड उभे राहू द्यावे.