शनिवार तेली आणि परक्याचा कायदा

ज्यूंच्या प्रार्थनागृहात दर शनिवारी तोरा या धर्मग्रंथाचा नेमलेला भाग वाचतात आणि वर्षभरात पाचही ग्रंथ पुरे होतात. या वाचनात एक ताकीद पुन्हा पुन्हा येते: परक्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परकेच होता. तालमूद या रब्बींच्या चर्चाग्रंथातल्या एका मतानुसार अशा ताकिदा छत्तीस, दुसऱ्या मतानुसार सेहेचाळीस. इतक्यांदा बजावावे लागले, यावरून माणसाचा कल कुठे असतो ते कळतेच. कारण म्हणून तिथे दयेचे नावही नाही, स्वतःच्या वाईट दिवसांची आठवण आहे. पुढे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, अनेक ठिकाणी हा परका म्हणजे रीतसर ज्यू धर्मात आलेला माणूस, असा अर्थ लावला. बाराव्या शतकात मैमोनिदीस या ज्यू पंडिताने ओबद्या नावाच्या अशाच एकाला कळवले की ‘आमच्या पूर्वजांचा देव’ म्हणण्याचा त्यालाही पूर्ण हक्क आहे. आत आलेल्याला सगळे मिळाले. उंबऱ्याबाहेरच्याचा विचार मात्र मागे पडत गेला.

कोकणात क्रम उलटा होता: ओळख आधी, वाचन नंतर. तिथल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. तोराची गुंडाळी त्यांच्यापाशी नव्हती. शेमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारचा शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम अशा गोष्टींवर धर्म टिकला. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल दिवेकरांनी बांधले ते १७९६ मध्ये. वाचनाचा अर्थ मराठीतून कळायला आणखी काही दशके गेली, आणि त्यात मोठा हात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मराठी बायबलाचा होता. धर्मांतर घडवायला आलेल्यांच्या पुस्तकांनी हे लोक आणखी पक्के ज्यू झाले! १८८० च्या सुमारास तर अब्राहाम आणि योसेफ कीर्तनात उभे राहिले. म्हणजे आपण कोण, हे त्यांना वाचनाने शिकवले नाही. ते त्यांना आधीच ठाऊक होते.

वाचनाविना टिकलेली हीच ओळख पुढे संशयाचे कारण झाली. मुंबईतल्या बगदादी ज्यूंपैकी अनेकांनी त्यांना प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत धरले नाही. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी मुख्य रब्बींच्या कचेरीने विवाहाआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी लावली. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यूच आहेत असे जाहीर केले आणि चौकशीच्या आदेशातून त्यांच्या समाजाचे नाव वगळले गेले. शतकानुशतके राज्याविना जगलेला छोटा ज्यू समाज विवाहाच्या नियमांवरच टिकला, तेव्हा त्याने चौकशी केली तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. नियमाबद्दल तक्रार नाही. पण तो एका समाजाचे नाव घेऊन लावला, आणि तोही दर शनिवारी मिसरची आठवण काढणाऱ्यांनी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कोकणाने कागद मागितले नाहीत, हे औदार्य की जातिव्यवस्थेची सोय? रोटी-बेटीचा प्रश्नच नसल्याने एक जात वाढली तर कुणाचे काय जाणार होते? यात तथ्य आहे. खुद्द बेने इस्रायलांतही गोरे आणि काळे असा भेद पाळला जाई, हेही लपवण्यात अर्थ नाही. तरी त्या व्यवस्थेत एक गोष्ट घडली जी जेरुसलेमला जमली नाही: रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावांची नावे त्यांची आडनावे झाली आणि ती कुणाला सिद्ध करावी लागली नाहीत.

परक्याचा हा प्रश्न आपल्यापुढे आजही आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नॉर्गेलिंग वसाहतीत १९७२ पासून तिबेटी निर्वासित राहतात. त्यांनी आपली प्रार्थना सोडावी असे कुणी म्हटले नाही. तेवढे स्वागत आपल्याला सहज जमते. पण तिथेच जन्मून म्हातारा होणाऱ्याला आपण किती पिढ्या ‘बाहेरून आलेला’ म्हणणार आहोत, हे अजून ठरलेले नाही.