ज्याचा त्याचा पडदा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरातली केबल गेली. म्हणजे चोरीला गेली नाही. आम्हीच तिला निरोप दिला. केबलवाल्याचा मुलगा आला, डबा काखोटीला मारून निघून गेला, आणि गेली तीस वर्षे खिडकीच्या फटीतून घरात शिरलेली काळी वायर बाहेर नुसतीच लोंबकळू लागली.

निर्णय चिरंजीवांचा. एका रविवारी त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. "बाबा, एवढ्या वाहिन्यांचे पैसे आपण दरमहा भरतो, आणि पाहणारी कोण? एकटी आजी!" हिशेबात चूक नव्हती. चिरंजीव क्रिकेट मोबाइलवर पाहतात, सूनबाई कोरियन मालिका टॅबवर पाहतात, नात आपली कार्टून आईच्या जुन्या फोनवर पाहते, आणि मी रात्री कानांत इयरफोन घालून जुनी नाटके ऐकतो. इंटरनेटचे पैसे आपण भरतोच. मग केबल हवी कशाला? आजीसाठी दूरदर्शनची छत्री बसवली की झाले.

छत्री बसवायला कारागीर आला. गच्चीवर आमचा जुना अँटेना अजून गंजत उभा होता. मी विचारले, "हाच चालणार नाही का?" तो हसला. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारे दूरदर्शनचे जुने प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. आता चित्र येते ते छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून. त्याने छत्रीचे तोंड आग्नेयेकडे वळवले, एकदाच काय ते पैसे घेतले, आणि "आता दरमहा काही नाही," असे सांगून तो गेला.

आईला मात्र यातले कुणीच काही विचारले नव्हते. मी ओशाळून तिच्याजवळ गेलो, तर ती म्हणाली, "मला काय रे, तुम्ही लावाल ते मी बघते."

त्या रात्री घरात विलक्षण शांतता होती. एका छपराखाली पाच पडदे उजळले होते आणि कुणाचे कुणाशी भांडण नव्हते. रिमोटवरून होणारी जुनी झोंबाझोंबी संपली होती. तरीही मला चैन पडेना. भांडण नाही एवढ्यावरून त्याला सलोखा म्हणायचे काय? धर्मशाळेतही प्रवासी आपापल्या खोलीत भांडणावाचून झोपतात. पण धर्मशाळेला कुणी घर म्हणत नाही.

मला आमच्या वाड्याची आठवण झाली. १९७३ साली सिंहगडावरून मुंबई केंद्राचे चित्र पुण्याला दिसू लागले, आणि दोनेक वर्षांनी आमच्या दोन खोल्यांत संच आला. वाहिनी एकच. ‘छायागीत’ पाहायला वाड्यातली वीस-पंचवीस माणसे सतरंजीवर दाटीवाटीने बसत. परंतु आवडीचा कार्यक्रम लागेपर्यंत जे लागेल ते पाहावे लागे. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम आम्ही असाच कितीदा पाहिला! ज्यांच्या मालकीची तुळशीवृंदावनापलीकडे जमीन नव्हती, अशा त्या कारकून-मास्तरांना उसाला खत केव्हा द्यावे हे तोंडपाठ झाले होते. आम्ही जांभया देत असू, थट्टा करीत असू. पण आपल्याला न रुचणारे असे काही जगात आहे आणि ते दुसऱ्या कुणाला हवे आहे, एवढे तरी त्या जांभयांनी शिकवले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी हे सारे मोठ्या रंगात येऊन सांगितले. मुलांनी सौजन्याने ऐकले. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र वाढता वाढता हात थांबवला.

"अहो, सतरंजीवर तुम्ही होता," त्या म्हणाल्या. "आई कुठे होत्या?"

मी गप्प झालो. आई स्वयंपाकघरात होती. वीस-पंचवीस माणसांचा चहा करीत होती.

"त्या भिंतीपलीकडून ऐकत होत्या. पुढे मी या घरात आले, मीही ऐकतच होते. केबल आली, वाहिन्या वाढल्या, पण रिमोट आधी मामंजींच्या हाती आणि मग तुमच्या. तुम्ही लावाल ते बघते, हे आईंचं औदार्य नव्हे. त्यांना दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. मला माझा पडदा साठीनंतर मिळाला. तो तेवढा वाईट म्हणू नका."

या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. तेव्हापासून व्यक्तिस्वातंत्र्यावर आपण पुरुष मंडळी पानेच्या पाने लिहीत आलो, आणि घरातली साधी कळ दाबण्याचे स्वातंत्र्य द्यायला विसरलो. ज्या एकत्र बसण्यासाठी मी हळहळत होतो, त्याची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली होती. शिवाय आमची ती सहनशीलता तरी कसली? वाहिनी एकच होती म्हणून आम्ही बसलो. ज्याला उठून जाण्याची वाट नाही, त्याच्या बसून राहण्याला सद्गुण म्हणता येत नाही.

मग ज्याचा त्याचा पडदा हेच अंतिम भले म्हणावे काय? तेही मला पटत नाही. आपल्या हातातला पडदा मोठा खुशमस्कऱ्या असतो. काल जे पाहिले त्याच्यासारखेच तो आज पुढे करतो, आणि एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा सुरू करतो. ‘तुझ्याखेरीज या घरात आणखी कोण आहे?’ हे तो कधीही विचारणार नाही. ते आपणच विचारायला हवे. निवडीचा हक्क प्रत्येकाला मिळालाच पाहिजे. पण हक्क हाती आल्यावरच तो क्षणभर बाजूला ठेवता येतो. जे आपले नाही त्याचा त्याग तरी कसा करणार? पूर्वी आम्ही एकत्र बसलो ते नाइलाजाने. आज कुणी आपला पडदा मिटवून दुसऱ्याशेजारी जाऊन बसला, तर ते बसणे त्याचे स्वतःचे आहे. सोबत हा शब्द मला तिथे शोभतो.

त्याच संध्याकाळी मी फोन खिशात ठेवला आणि आईजवळ जाऊन बसलो. तिने सवयीने रिमोट माझ्यापुढे केला. मी तो परत तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "आई, तुला काय बघायचंय?"

तिला प्रश्न समजायला वेळ लागला. नव्वदीच्या घरातल्या त्या डोळ्यांत संकोच दाटला. मग खालच्या आवाजात ती म्हणाली, "शेतीचं काही लागतं का रे अजून?"

मी चकित झालो. आईचे माहेर कराडकडचे. घरचा ऊस, घरची मोट. वयाच्या सतराव्या वर्षी ती लग्न होऊन पुण्याच्या वाड्यात आली आणि माती सुटली. आम्ही सतरंजीवर जांभया देत होतो तेव्हा भिंतीपलीकडे, चहाचे आधण ठेवता ठेवता, ती त्या कार्यक्रमातला शब्द न् शब्द टिपत होती. ‘दुसऱ्या कुणाला तरी ते हवे आहे’ असे आम्ही म्हणत होतो. तो दुसरा कुणी आमच्याच स्वयंपाकघरात उभा होता.

छत्रीवर २०१५ पासून चालणारी किसान वाहिनी सापडली. भाषा हिंदी, पण ठिबकचे पाणी पिणारा ऊस आईच्या ओळखीचा होता. "आमच्या वेळी पाटानं पाणी द्यायचे," ती सांगू लागली. थोड्या वेळाने नात येऊन मांडीवर बसली आणि "मोट म्हणजे काय गं, पणजी?" असे विचारू लागली. मला कार्यक्रमात गोडी वाटली असे खोटे सांगणार नाही. मधूनच मला एक जांभई आली. परंतु या खेपेस ती मी स्वखुशीने दिली.