कोणाच्या वेळातली प्रार्थना

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे आणि तो बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतो. दिवस सगळा दुसऱ्यांचं करण्यात गेला, देवापुढे बसायला वेळ उरला नाही, तर त्या दिवसाला भक्तीचा दिवस म्हणायचं की नाही?

हा प्रश्न इथं जरा जास्तच बोचतो, आणि त्याची मुळं इथल्या मिशनच्या इतिहासात आहेत. अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात काम उभं केलं ते अलायन्स मिशननं. यवतमाळला फ्री मेथडिस्ट आले, वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन. तिघांच्या तऱ्हा वेगळ्या, पण एका गोष्टीवर तिघांचा भर सारखा: तारण झालं म्हणजे काम संपलं असं नाही, रोजचं जगणं पवित्र झालं पाहिजे. ए. बी. सिम्पसन यांनी 1887 साली अमेरिकेत अलायन्सची चळवळ सुरू केली. ख्रिस्ताची चार रूपं ते सांगत, आणि त्यांत ‘तारणारा’ याच्या पाठोपाठ ‘पवित्र करणारा’ येतो. ही शिकवण मला मोलाची वाटते. पण तिच्यामुळे माणूस स्वतःच्या प्रत्येक दिवसाची झडती घेत राहतो, हेही खरं. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत 1955 चा. त्या परंपरेत मिस्सा आणि जपमाळ दिवसाला बाहेरून चौकट देतात. अलायन्सच्या घरातल्या बाईला ती चौकट रोज स्वतःच उभी करावी लागते, तीही सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर.

पुढचा संवाद रचलेला आहे, प्रश्न मात्र रचलेला नाही. मामा अमरावतीचे, निवृत्त शिक्षक, चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे एल्डर. भाची अकोल्यात सिस्टर, म्हणजे नर्स आहे, पाळ्यांची नोकरी. तिच्या सासूबाईंना लकवा झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली. मे महिन्यातली दुपार आहे, कूलर सुरू आहे.

भाची : मामा, जरा तिकडून धरा. आधी कुशीवर वळवायचं. जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, नवी तिला लगटून अर्धी पसरायची, मग या अंगावर घेऊन जुनी ओढून काढायची. उचलायचं नाही, कातडी ओढली जाते.

मामा : धरलं. दर वेळेस असंच करते?

भाची : चादर रोज. कूस मात्र दर दोन तासांनी. माकडहाडापाशी एकदा जखम झाली की लवकर भरत नाही. (चादर ताणून सुरकुती काढते. सासूबाईंच्या पाठीला हात लावून बघते. मग दोघं बाहेरच्या खोलीत येतात.) सकाळी तुम्ही विचारलं ना, पोरी, प्रार्थनेले बसते का म्हणून? हे आत्ता पाहिलंत, तीच माझी प्रार्थना.

मामा : तुले तसं वाटते, का सगळे म्हणतात म्हणून म्हणून राहिली?

भाची : थोडं दोन्ही. साक्ष देताना सगळेच म्हणतात, सेवा हीच प्रार्थना. खरं सांगू का, नुसतं बसणं माझं सुटलंच आहे. नाइट करून आले की शास्त्र उघडते, अर्ध्या अध्यायात डोळे मिटतात. त्यापेक्षा सासूबाईंचं करताना मन जागं तरी असतं.

मामा : गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. गाव झाडून झाल्यावर ‘झाडलं हेच कीर्तन’ म्हणून निजायचा अधिकार त्यायच्याइतका कोणाले होता? पण 1956 मध्ये वलगावजवळ, पेढीच्या पुलापाशी देह ठेवला, तोवर कीर्तन काही सुटलं नाही. हातातला खराटा इतका खरा असून त्यायले कीर्तन लागे. मंग तुले-मले काहून लागू नये?

भाची : त्यांचं कीर्तनसुद्धा लोकांसाठीच होतं. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला. म्हणजे रात्रीचीही सेवाच झाली, दार लावून एकट्यानं बसणं नव्हे.

मामा : हे तुवं बरोबर आहे. पण लोकायले सांगता सांगता नामाचा गजर होई, तो कोणाच्या उपयोगाचा होता? बरं, ते राहू दे. आपल्या शास्त्रातलं घे. मार्था आणि मरीया.

भाची : मला वाटलंच होतं. मार्थेवरचा उपदेश ऐकून ऐकून थकले मी. पाहुणे आल्यावर चूल कोणी पेटवायची, ते कोणीच सांगत नाही.

मामा : मी तो उपदेश करून नाही राहिलो. लूकचा दहावा अध्याय नीट वाच. मार्था सैपाक करत होती तोवर प्रभू तिले काही बोलला नाही. ती येऊन बहिणीची तक्रार करते, तेव्हा बोलला. सैपाक बिघडला नव्हता, तिच्या मनात हिशोब सुरू झाला होता. तुले विचारायचं ते हेच. तुवा हिशोब सुरू आहे का?

भाची : (थांबून) आहे. नणंद फोनवर सांगते, आईला सूप देत जा. तेव्हा मनात जे येतं ते देवालासुद्धा सांगवत नाही. रात्री सासूबाई डाव्या हातानं ग्लास पलंगाच्या दांडीवर वाजवतात. मी उठते, पाणी पाजते, तोंड पुसते, हात चुकत नाही. पण पाजताना मोजत असते, आज कितव्यांदा उठले ते. आणि हे बाजूला घोरतात, तेही मोजते.

मामा : मंग तेवढ्या वेळेपुरती ती प्रार्थना झाली का?

भाची : नाही झाली. पण मामा, पहाटे डोळे मिटून बसले असते तर हिशोब थांबला असता, असं कशावरून? पहाटे तासभर गुडघ्यावर आणि उठल्याबरोबर सुनेचा हिशोब, अशी माणसंही मी पाहिली आहेत.

मामा : पाहिली असशील, मीही पाहिली. बसल्यानं माणूस चांगला होतेच, असं मी म्हणत नाही. पण मे महिन्यातली विहीर आठव. मोटर सुरूच ठेवली तर गढूळ येते. बंद ठेवावी लागते, झरे भरू द्यावे लागतात.

भाची : आणि झरे भरेपर्यंत ज्याला तहान लागली त्यानं काय करायचं? ग्लास वाजतो तेव्हा मी म्हणू का, थांबा, विहीर भरते आहे?

मामा काहीच बोलत नाहीत. मला हा आक्षेप मोठा वाटतो. भक्तीची पुस्तकं बहुधा अशा माणसासाठी लिहिलेली असतात, ज्याला दार लावता येतं. पॅरिसच्या मठात मुदपाकखान्यात राबलेल्या ब्रदर लॉरेन्सचं नाव अशा वेळी हमखास पुढे येतं. भांडी घासतानाही देवाजवळ असणारा माणूस म्हणून त्याचा मोठा आधार वाटतो. पण ती सवय लागेपर्यंत दहा वर्षं आपण झगडलो, असं तोच सांगतो, आणि ती दहा वर्षं मठाच्या भिंतीआड गेली, जिथं उद्याच्या भाकरीची काळजी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नव्हती.

भाची : आणखी एक विचारते. रागावू नका.

मामा : विचार, माय.

भाची : तुमचं पहाटेचं बसणं मी लहानपणापासून पाहिलं आहे. सुटीत आम्ही अमरावतीला यायचो, तेव्हा तुम्ही आतल्या खोलीचं दार लावून बसायचे. बाहेर मामी नळाचं पाणी भरायची, स्टो पेटवायची, आम्हाला गप्प करायची, आवाज करू नका, मामा प्रार्थनेत आहेत. तुमचा तो तास कोणाचा होता?

मामा : (बऱ्याच वेळानं) तिचा होता.

भाची : तुमची भक्ती खोटी होती असं मी म्हणत नाही. तुमच्या तोंडून वचन ऐकूनच आम्ही मोठे झालो. पण मामी कधी बसली?

मामा : दुपारी बसत असेल. मी कधी पाहिलं नाही.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण मूळ पेच हाच आहे. एक जण एकांतात बसतो तेव्हा घरात दुसरं कोणीतरी पोरांना गप्प करत असतं. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. मराठी ख्रिस्ती इतिहासातलं ते उंच पाऊल आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण हातात येईल ते देऊन टाकणाऱ्या या माणसाचं घर चाललं कसं, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. टिळकांची भक्ती आणि लक्ष्मीबाईंची तारेवरची कसरत एकाच छपराखाली चालली होती. दोन्ही एकत्र वाचली म्हणजे टिळक लहान होत नाहीत, लक्ष्मीबाई मोठ्या दिसतात.

भाची : प्रेषितांनीही तेच केलं ना? विधवांच्या रोजच्या वाढपात पक्षपात होतो, अशी तक्रार आली. तेव्हा ते म्हणाले, आम्ही प्रार्थनेत आणि वचनात राहतो, पंगतीचं दुसऱ्यांनी पाहावं.

मामा : हाव, कृत्यांचा सहावा अध्याय. पण तिथंच थांबू नको. वाढायले जे निवडले त्यांत पहिलं नाव स्तेफनाचं. आणि पुढच्याच अध्यायात आकाश उघडलेलं कोणाले दिसते? प्रार्थनेत राहिलेल्या बारा जणायले नाही, त्या वाढणाऱ्याले.

भाची : मग माझंच म्हणणं खरं झालं.

मामा : अर्धं झालं. वाढायले माणसं निवडताना अट काय होती? आत्म्यानं भरलेली पाहिजेत. वाढणाऱ्यानं रिकामं राहावं, असं कोणी म्हटलं नाही. आणि दुसरी गोष्ट आत्ता तू बोलली म्हणून माह्या ध्यानात येऊन राहिली. ते सात जण होते. काम एकाच्या डोक्यावर टाकलं नाही. सगळ्या मंडळीनं बसून सात माणसं निवडली. मी हा अध्याय किती वेळा शिकवला, पण सातावर कधी बोललो नाही.

भाची : मुक्ती मिशनमध्ये असंच असेल का? पंडिता रमाबाईंनी केडगावला शेती, माग, छापखाना सगळं बायकांकडून चालवून घेतलं. स्वतः भाषांतर केलेलं बायबल तिथंच छापलं. आणि 1905 मध्ये तिथं जी आध्यात्मिक जागृती झाली, तिच्याआधी त्याच बाया गट करून प्रार्थनेला बसत होत्या. राबणाऱ्याही त्याच, बसणाऱ्याही त्याच.

मामा : म्हणूनच तिथं तो प्रश्न सुटला असेल. तुह्या घरी तू एकटीच सात जणायच्या जागी उभी आहे. जावईबापू पहाटे काय करतात?

भाची : झोपतात. दुकान दहाला उघडतं.

मामा : मंग पहाटेचा ग्लास त्यायनं ऐकावा. त्यायची आई आहे. मी बोलू का?

भाची : नको, मीच बोलते. पण मामा, मला दुसरीच भीती वाटते. समजा तेवढा वेळ मिळाला, मी बसले आणि काहीच वाटलं नाही तर? कामात असले की निदान उपयोगाची तरी असते. नुसती बसले की आत काय आहे ते दिसेल. कदाचित काहीच नसेल.

मामा : मले बहुतेक पहाटे काहीच वाटलं नाही. कोणी सांगत नाही हे, मी सांगतो. चाळीस वर्षांत हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या सकाळी डोळे भरून आले असतील. बाकी नुसतं बसणं. तरी बसलो, काहून की तेवढीच एक जागा होती जिथं मी सर नव्हतो, वडील नव्हतो, कोणाच्या कामाचा नव्हतो. आणि देवानं कधी ऊठ म्हटलं नाही. तू वॉर्डात उपयोगाची, घरात उपयोगाची. उपयोग नसतानाही तू हवी आहे, हे तुले कुठं कळणार?

भाची : (आतल्या खोलीकडे बघत) मग सासूबाई तर दिवसभर तिथंच आहेत. उपयोगाच्या नाहीत, आणि मी त्यांचं सगळं करते. त्या हव्याशा आहेत, असं त्यांना वाटू देते का, माहीत नाही.

मामा : त्या मंडळीत गायच्या ना?

भाची : पुढे उभ्या राहून. आता शब्द निघत नाहीत, पण रेडिओवर गीत लागलं की सूर धरतात, मधला एखादा शब्दही स्पष्ट येतो. लकव्यात असं होतं, बोलणं जातं आणि गाणं राहतं. वॉर्डात मी पाहिलं आहे.

मामा : मंग त्यायच्याजवळच बस ना पहाटे. दोघी मिळून एक गीत म्हणा, तिथंच तुवी प्रार्थना होईल.

भाची : नाही मामा. बघा, परत तुम्ही माझी वेळ त्यांना देऊन टाकली. तिथं बसले की माझं लक्ष त्यांच्या उशीकडे, लाळेकडे, सलाइनच्या सुजेकडे. गीत म्हणू, जरूर म्हणू, संध्याकाळी सगळे मिळून, मुलीलाही बसवू. त्यांनाही देवापुढे बसायचं असेल, इतक्या महिन्यांत मी विचारलंच नाही त्यांना. पण पहाटेची ती पंधरा मिनिटं मला दार लावून हवीत. ती कोणाला द्यायची नाहीत, चांगल्या कामालासुद्धा नाही.

मामा : आणि ग्लास वाजला तर?

भाची : वाजला तर हे उठतील. नाही उठले तर मी उठेन, आणि दुसऱ्या दिवशी परत ह्यांना सांगेन. रोज भांडण झालं तरी चालेल.

मामा : भांडून प्रार्थनेले बसशील?

भाची : सुरुवातीला तसंच बसावं लागेल. मामा, तुम्ही उद्याच्या पॅसेंजरनं जाणार ना? घरी गेलात की मामीला विचारा, तिला कोणती वेळ हवी.

मामा : ती आता सत्तरीची झाली. आता काय विचारू?

भाची : आताच विचारा. आणि ती सांगेल त्या वेळी चहा तुम्ही ठेवा.