ताटावरची पाळत

लठ्ठपणावर आपल्याकडे सध्या जितकं बोललं जातं तितकं याआधी क्वचितच बोललं गेलं असेल. २०२५च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून खाद्यतेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. त्याच वर्षी वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतीय बाजारात आली. दिवसातून दोनदा जेवावं की दर दोन तासांनी थोडं थोडं खावं, हा वाद तर महाराष्ट्रात त्याआधीच घरोघरी लढवून झाला होता. या साऱ्या चर्चेत मन येतं ते एकाच रूपात, निश्चयाच्या. निश्चय असला की वजन उतरतं, चालणं होतं, साखर आटोक्यात राहते. नसला की नाही. ज्याचा निश्चय कमी पडतो त्याच्यासाठी एक पुरवणीही तयार असते : घरच्यांनी लक्ष ठेवावं. व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत, डॉक्टरांच्या खोलीतसुद्धा हे इतक्या सहज सांगितलं जातं की त्यात तपासून पाहण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. माझा मुख्य आक्षेप या पुरवणीला आहे.

निश्चयाच्या सिद्धान्तावर फार वेळ घालवायला नको. १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र उचलायला तत्त्व म्हणून नकार दिलेली आणि या प्रयोगात आपणहून आलेली ही माणसं होती. निश्चयात त्यांना कमी लेखण्याची हिंमत कुणी करू नये. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं, पण ती चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली, अहोरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवली. सगळं जनुकांत आहे असं म्हणणाऱ्यांना, जनुकं एका पिढीत बदलत नाहीत, एवढं उत्तर पुरे आहे. इंजेक्शन ज्याला लागेल त्याने जरूर घ्यावं. पण ते थांबवल्यावर उतरलेलं वजन बरंचसं परत येतं, म्हणजे ताटाचा प्रश्न ताटातच राहतो.

घरच्यांच्या देखरेखीचा विचार मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. १९८७ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेब्रा अंबरसन यांनी मांडणी केली की विवाहित आणि मुलंबाळं असलेली माणसं प्रकृतीला घातक सवयींपासून तुलनेने दूर राहतात, आणि त्याचं एक कारण म्हणजे घरात त्यांना कुणीतरी टोकणारं असतं. आपल्याकडे हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. ‘मी बोलते म्हणून एवढं तरी ऐकतात’ हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही? पण पुढे १९९९मध्ये मेगन लुईस आणि कॅरन रूक यांनी या टोकण्याचा परिणाम तपासला, तेव्हा दोन गोष्टी एकत्र दिसल्या. सवयी काही प्रमाणात सुधारत होत्या आणि मनस्तापही वाढत होता. देखरेखीचे समर्थक यातली पहिली गोष्ट उचलतात. दुसरीबद्दल विचारलं तर म्हणतात, होईल थोडा मनस्ताप, जीव तर वाचेल!

हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. ज्या शरीरात मधुमेह आणि रक्तदाब आहे त्याच शरीरात मनस्तापही होतो. त्याचा हिशेब वेगळ्या वहीत मांडता येत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम छोटे फोड आणून ते भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नवरा-बायकोने मतभेदाच्या विषयावर बोलल्यानंतर जखमा सावकाश भरल्या. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात एरवीच कडवटपणा होता त्यांच्या जखमा इतरांच्या सुमारे ६० टक्के वेगानेच भरत होत्या. हातावरच्या फोडावरून हृदयविकाराबद्दल अनुमान काढताना जपूनच काढावं लागेल. पण बोलणं हे नुसतं बोलणं असतं, ते अंगाला लागत नाही, ही समजूत यापुढे धरून बसता येणार नाही.

आणि प्रयोगशाळेत न मोजता येणारी किंमत याहून मोठी आहे. घरातल्या एकाला हृदयविकाराचा झटका येतो किंवा साखर निघते. मग लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की चार माणसांत त्याच्या पानावर हात आडवा येतो, ‘यांना नको, शुगर आहे.’ परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर आधी पावलांचा आकडा विचारतो, मग प्रकृती. डब्यातले लाडू मोजलेले असतात. असा माणूस काय करतो? तो कोपऱ्यावरच्या गाडीवर उभ्या उभ्या वडापाव खातो आणि घरी येऊन पथ्याचं जेवण निमूट जेवतो. फिरायला म्हणून निघतो आणि बागेतल्या बाकावर बसून परत येतो. हा खोटारडेपणा त्याच्या स्वभावातून आलेला नाही. ज्या घरात प्रत्येक संभाषण चौकशी होतं तिथे स्वतःची म्हणून एखादी जागा राखण्याचा त्याला उरलेला तो मार्ग असतो. यातून उद्भवणारा खरा धोका वडापावचा नाही. तळपायाला मुंग्या येतात, जिना चढताना छाती भरून येते, हे तो सांगेनासा होतो, कारण त्यावर काय ऐकावं लागेल हे त्याला पाठ झालेलं असतं : ‘मी सांगतच होते.’ ज्या माहितीसाठी घरच्यांची नजर हवी होती तीच माहिती त्या नजरेपासून लपवली जाते.

टोकणं हीच आपल्याकडची मायेची रीत आहे, ही मानसशास्त्राची थेरं पाश्चात्त्यांना शोभतात, असंही सांगितलं जातं. या युक्तिवादाला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं. आजारी माणसाभोवतीच्या घरच्या बोलण्याचा शास्त्रीय अभ्यास लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी सुरू केला. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इस्पितळातून घरी गेल्यावर, जिथे टीका, वैरभाव किंवा भावनिक अतिगुंतवणूक जास्त होती तिथे आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाण अधिक आढळलं. काळजीपोटी रुग्णाच्या श्वासाश्वासावर पहारा ठेवणं हेही धोक्याच्या बाजूला मोजलं गेलं होतं, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यावं. हाच अभ्यास नंतर चंदीगडला झाला आणि १९८७मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. चंदीगडच्या नातेवाइकांच्या बोलण्यात टीका लंडनपेक्षा पुष्कळ कमी निघाली. आजार वेगळा आहे, मान्य. पण टोकणं ही आपली परंपरा आणि गप्प बसणं ही त्यांची, असं म्हणणाऱ्यांनी निदान हा पुरावा पाहावा.

शिवाय ही नजर पाहते काय? वजनकाटा आणि पोट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, निर्देशांक २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो. तेव्हा अंगाने भरलेल्या सुनेला घासागणिक ऐकवणारं घर काटकुळ्या मुलाला निर्धास्तपणे दुसऱ्यांदा श्रीखंड वाढतं, यात आरोग्याची काळजी किती आणि रूपाची किती हे ज्याने त्याने पाहावं.

मग घरच्यांनी काय करावं, काहीच करू नये? तसं मुळीच नाही. मला फरक करायचा आहे तो पाळत आणि सोबत यांच्यात, आणि तो प्रेम कमी की जास्त यावर ठरत नाही. पाळत ठेवणाऱ्याचंही प्रेम असतंच. फरक ओळखायचा तो एका प्रश्नाने : आजाऱ्याला सांगणाऱ्याच्या स्वतःच्या दिवसात काय बदललं? घरात बाकी सगळ्यांना तूप-पोळी आणि एकट्याला पथ्याचं ताट, ही पाळत. सगळ्यांचीच ज्वारीची भाकरी, ही सोबत. ‘चालून या’ ही पाळत, ‘चल, निघू’ ही सोबत. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ३,७२२ जोडप्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. जोडीदार स्वतः बदलला तर दुसराही बदलण्याची शक्यता वाढत होती. मला सर्वात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट : व्यायाम आणि धूम्रपान यांबाबतीत, आधीपासून शिस्तीत असलेल्या जोडीदारापेक्षा नव्याने बदललेल्या जोडीदाराचा परिणाम अधिक दिसला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, तरी दिशा स्पष्ट आहे. वीस वर्षं न चुकता पर्वती चढणाऱ्या नवऱ्याचा आदर्श बायकोला फारसा उपयोगी पडत नाही. धापा टाकत तिच्याबरोबर पहिल्यांदा चढणारा उपयोगी पडतो.

काही ठिकाणी पाळत अटळ असते. इन्सुलिनवरचं लहान मूल, गोळी घेतली की नाही हे विसरणारे आजोबा, यांच्याकडे लक्ष ठेवणं हे कर्तव्यच आहे. पण तो अपवाद शुद्धीवर असलेल्या, पेन्शनचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला लावता येत नाही.

या फरकाची खरी कसोटी लागते ती घरातल्या बाईला मधुमेह निघतो तेव्हा. पाळत ठेवणारी आजवर तीच होती. आता तिच्यावर ती कुणी ठेवत नाही. ‘ती स्वतःचं सगळं बघते’ असं कौतुकाने सांगितलं जातं. सकाळी सहा ते सात चाला, असं डॉक्टर तिला लिहून देतात, आणि नेमक्या त्याच तासात घरात चहा, पोळ्या, डबे, पाणी भरणं असतं. तिला टोकणारं कुणी नाही हे एका अर्थी बरंच, पण सोबत करणारंही कुणी नसतं, कारण तिची सोबत करायची तर तो तास दुसऱ्या कुणालातरी स्वतःच्या झोपेतून काढावा लागतो. डॉक्टरांनी पथ्याचा कागद हातात देताना शेजारी बसलेल्या नवऱ्याला आणि मुलाला विचारायला हवं, की उद्या सकाळी या चालायला गेल्यावर डबे कोण भरणार. उत्तर मिळेपर्यंत त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावू नये.