गिऱ्हाईक आलं की आत जा!

हातातला मोबाइल खाली ठेव आणि माझ्याकडे बघ. शाळेत खाली मान घालून ऐकायचास, तसं आज चालणार नाही.

आत्ता माझ्यासमोर काय केलंस? गिऱ्हाईक आलं, तुझा पोरगा हात हलवत पुढे आला, तर त्याला दंडाला धरून पडद्यामागे ढकललंस. मग गिऱ्हाईक ओळखीचं निघालं. लगेच पोरालाच बाहेर बोलावून विचारलंस, '१९९८च्या दिवाळीत पाडव्याला वार कोणता होता?' त्यानं सांगितला, गिऱ्हाइकानं वाहवा केली, की पुन्हा आत! मुलगा आहे का दरवेशाचं अस्वल?

आणि वर मला ऐकवतोस, 'बाई, माझ्यामागं हे दुकान त्याचंच आहे.' त्याचं? सोळा वर्षांच्या मुलानं आजवर कोणाच्या हातात एक बिजागरी तरी दिली आहे का? वॉशर मापानुसार डब्यांत लावतो, ते कौतुक पुरे झालं. ऑटिझम असलेल्या मुलाला नवं काम पायरीपायरीनं, चित्र दाखवून, रोज त्याच क्रमानं शिकवावं लागतं. हे मी तुला नव्यानं सांगत नाही, त्याच्या शिक्षिकेनं सांगून झालंय. मग तीच फळी, तोच डबा, तेच माप, अशी आयती जागा तुझ्याकडे असताना तू त्याला पडद्यामागे बसवतोस? चिठ्ठीवरच्या तीन वस्तू काढून काउंटरवर ठेवायच्या, एवढंच आधी शिकव. बोलायची सक्ती नको. दुपारी दोननंतर दुकानात चिटपाखरू नसतं, ती वेळ धर.

गिऱ्हाईक तुटेल म्हणतोस. कोण तुटलं आजवर? धानोरीच्या प्लंबरला पाऊण इंची एल्बो वेळेवर मिळाला की झालं, तो कोणी काढून दिला याच्याशी त्याला काय घेणं! तुझी भीती गिऱ्हाइकाची नाही, भावकीची आहे.

लोहगावच्या तळावरून लढाऊ विमान उडालं की हा कान दाबून खाली बसतो. त्यावर तू ओरडतोस, म्हणजे त्याच्या कानांवर आणखी एक मारा. अरे, ड्रिल मारणाऱ्यांसाठी कानावर चढवायचे मफ तुझ्याच भिंतीवर टांगलेत, त्यातला एक त्याला द्यावा हे सुचू नये? ज्ञानोबांची पालखी आळंदी रोडनं विश्रांतवाडीतून जाते त्या दिवशी तू त्याला खोलीत कोंडतोस. गर्दी होणार, टाळ वाजणार, दुकान बंद राहणार, हे चार दिवस आधीपासून त्याला चित्रं काढून सांग. नाहीच झेपलं तर त्या दिवशी मामाकडे सोड.

सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचल्याशिवाय माल उतरवून घेत नाहीस, आणि स्टेम सेलच्या इंजेक्शनसाठी कर्ज काढायला निघालास! ऑटिझमवर या उपचाराची शिफारस करता येत नाही, त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये सांगून ठेवलंय. बायकोला 'तुझ्यामुळेच हा असा' म्हणालास, तेही माझ्या कानावर आलंय. आईला दोष द्यायचं हे खूळ अमेरिकेतही होतं. बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये पुस्तक लिहून ते खोडून काढलं, आणि तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता. तू घरी जाऊन तिची माफी माग.

आता कागद. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये मिळतं. ते काढलंस की निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा घेता येतो, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. दोन वर्षांनी हा अठराचा होईल. तेव्हा कायद्याच्या लेखी तू आपोआप त्याचा पालक उरणार नाहीस. त्याच्या वतीनं सही करायची गरज पडली, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागेल. दुकान त्याच्या नावावर करायच्या गप्पा मारतोस, मग यातलं काही वाचलंयस?

एका गुरुवारी शटर ओढ आणि रुग्णालयात जा. दुकानाचा खाडा होतो हे कारण मला सांगू नकोस, मॅचच्या दिवशी शटर खाली असतं ते मी पाहिलंय. जुन्या करप्रणालीत अशा अवलंबितासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, तीही विचार तुझ्या सीएला. का रे, गप्प का झालास? इतकी वर्षं तुझं रिटर्न भरतो तो, त्यालासुद्धा मुलाचं सांगितलेलं नाहीस?